३१ ऑक्टोबरला घरीच हॅलोविन: भोपळा, खाणं, सजावट. माहिती हवी

कर्वेनगर_तिसरा_मजला

३१ ऑक्टोबर यंदा शनिवारी आलाय आणि दिवाळी लगेच पुढच्या आठवड्यात. घरीच हॅलोविन करायचा आहे. मुलं ९, मोठी माणसं ८. घरात अंडं चालत नाही. आजींची एकच अट आहे: सणाच्या तोंडावर दारात कवट्या आणि हाडं टांगायची नाहीत. अट रास्त आहे, ती पाळायचीच आहे.

आपल्याकडचा लाल भोपळा कोरता येतो का? येत असेल तर आणायचा कधी? इथल्या उकाड्यात तो किती टिकतो? खाण्याचे तीन-चार पदार्थ सुचवा, मुलं खरंच संपवतील असे. सजावटीतलं निम्मं सामान तरी दिवाळीला कामी यावं. विकतचं प्लॅस्टिक नको.

मंडई_ते_मार्केटयार्ड

येतो कोरता. पण चित्रांत दिसतो तो भोपळा कोरण्यासाठीच वाढवलेला असतो, भिंत पातळ आणि आत मोठी पोकळी. आपला डांगर खाण्याचा: गर चार-पाच सेंटिमीटर जाड, पोकळी लहान, साल टणक. मोठी सुरी खुपसली की ती अडकते आणि ओढून काढताना हात कापतो. विळीचा तर विचारच नको.

मंडईत बहुतेक फोडीच मिळतात, म्हणून अख्खा हवा असेल तर भाजीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. ३ ते ४ किलोचा घ्या. देठ शाबूत आणि वाळलेला हवा, सालीत नख रुतता कामा नये, बूड सपाट हवं. अख्खा भोपळा सावलीत आरामात आठवडाभर राहतो, तेव्हा आणायची घाई आधीच उरका. कोरल्यावर मात्र ऑक्टोबर हीटमध्ये दोन दिवसांत सुरकुततो, तिसऱ्या दिवशी आतून बुरशी. म्हणून ३० तारखेला रात्री गर काढायचा आणि ३१ ला सकाळी चेहरा.

झाकण वरून कापू नका. देठाकडून कापलं की कड आत खचते आणि झाकण आत पडतं. बुडाला दहा-बारा सेंटिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भोपळा नुसता दिव्यावर पालथा ठेवता येतो. बिया आणि तंतू हाताने काढा, मग जाड कडेच्या चमच्याने खरवडा. सगळीकडे खरवडायची गरज नाही. जिथे चेहरा येणार तेवढीच भिंत दोन सेंटिमीटरपर्यंत आणा, नाहीतर प्रकाश बाहेर येतच नाही, डोळ्यांच्या जागी नुसते बोगदे दिसतात. हा निघालेला गर (पाऊण किलोच्या आसपास) लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये, तो पुढे खायचा आहे.

चेहरा आधी कागदावर काढा, कागद चिकटपट्टीने लावा आणि रेषेवर दाभणाने अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर टोचा. कागद काढल्यावर ठिपक्यांची रेघ उरते. ती हॅक्सॉच्या नव्या, धुतलेल्या पात्याने कापायची, पात्याला एका टोकाला जाड कापड गुंडाळून. आधी बारीक भाग (दात, नाक), शेवटी डोळे आणि तोंड. उलटं केलंत तर मोठ्या भोकांमुळे भिंत कमकुवत होते आणि दात मोडतात. डोळे आणि तोंड यांच्यात तीन सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. गर खरवडणं मुलांकडे द्या, पातं मोठ्यांच्याच हातात.

कोरून झाल्यावर ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा कपड्यांचं ब्लीच घालून आतून पुसा, पंख्याखाली वाळवा आणि कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा. इथून पुढे तो भोपळा खायचा नाही. मुंग्या हमखास येतात, त्यासाठी पाणी भरलेल्या ताटात बुडाच्या भोकापेक्षा रुंद भांडं पालथं घालून त्यावर ठेवा.

रंगाचं एक सांगायचं राहिलं. आपल्या भोपळ्याची साल बऱ्याचदा हिरवट-मातकट असते, दिवसा फारशी खुलत नाही. नारिंगी पोस्टर कलरमध्ये थोडा फेव्हिकॉल कालवून एक हात मारा. नुसता पोस्टर कलर गुळगुळीत सालीवरून पोपडे होऊन सुटतो.

चुलीपुढे

गर काढलाच आहे तर पहिला पदार्थ घारगेच. १७ जणांना पुरतील असं प्रमाण: अर्धा किलो किसलेला भोपळा, पाव किलो चिरलेला गूळ, १ चमचा तूप, ३ मोठे चमचे तांदळाची पिठी, चिमूट मीठ, वेलची-जायफळ आणि मावेल तेवढी कणीक (साधारण ४५० ग्रॅम). किस तुपावर पाणी आटेपर्यंत परता, मग गूळ घाला आणि गूळ विरघळला की लगेच उतरवा. गूळ जास्त शिजवला की घारगे दाताला चिवट लागतात. मिश्रण पूर्ण गार झाल्याशिवाय कणीक घालू नका. कोमट असताना ते जास्त पीठ ओढतं आणि घारगे कडक होतात. पाण्याचा थेंबही नको. पीठ घट्ट मळायचं आणि वीस मिनिटांतच लाटायला घ्यायचं, कारण गुळाला पाणी सुटत राहतं आणि तासाभरात गोळा सैल होतो. पुरीपेक्षा जाडसर थापा, मध्यम आचेवर तळा. तेल कडकडीत असेल तर बाहेरून काळे, आत कच्चे. छोटे ३५-४० होतात.

नानकटाईची बोटं मुलांना फार आवडतात. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम घट्ट तूप, ८० ग्रॅम पिठीसाखर, लागलं तर १-२ चमचे दूध. बेकिंग पावडर मुद्दाम घातलेली नाही, ती घातली की बोटं पसरून पाव होतात. तूप वितळलेलं नको, हाताने फेसून पांढरं झालेलं हवं. वळ्या स्वतःच्या करंगळीपेक्षाही बारीक करा, भट्टीत त्या फुगतातच. मधल्या पेरावर सुरीच्या पाठीने तीन रेघा, टोकाला सोललेल्या बदामाची अर्धी फाक दाबून नख. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग १६० अंशांवर १८-२० मिनिटं. गरम असताना हात लावू नका, मोडतात.

रसगुल्ल्यांचे डोळे: डब्यातले रसगुल्ले तळव्यावर अलगद दाबून पाक काढायचा, अंगठ्याने खळगा करून त्यात हिरव्या टुटीफ्रुटीचा तुकडा आणि त्यावर काळी मनुका. पाक नीट काढला नाही तर टुटीफ्रुटीचा रंग पसरून डोळा हिरवागार होतो. वाढायच्या अर्धा तास आधीच लावा.

प्यायला कोकम सरबत. रंग आयताच रक्तासारखा आहे, वेगळा घालायची गरज नाही. ग्लासाला अर्धा चमचा सब्जा, पंधरा मिनिटं भिजवलेला. त्यात बर्फाचा हात सोडायचा असेल तर पावडर नसलेला नवा रबरी हातमोजा आतून-बाहेरून धुवा, कोकमाच्या पाण्याने भरा (गच्च नको, बर्फ फुगतो), गाठ मारा आणि पूर्ण रात्र फ्रीझरमध्ये ठेवा. काढताना मोजा ओढू नका, बोटं मोडतात. अर्धा मिनिट साध्या पाण्यात बुडवून मोजा कात्रीने कापून उतरवा.

इतकं गोड झाल्यावर तिखट हवंच. आंबोळ्या किंवा इडल्या करा, इडलीवर मिरीच्या दोन दाण्यांचे डोळे, सोबत हिरवी चटणी. लहानांना वाढताना मिरी काढून टाका.

कर्वेनगर_तिसरा_मजला

घारग्यांनाच भोपळ्याचा चेहरा कापला तर? साचा आहे घरात.

चुलीपुढे

भोक पडलं की वाफ निसटते, घारगा फुगत नाही आणि तेल पितो. चेहऱ्याचे हवे असतील तर तेवढे वेगळे, शंकरपाळ्याइतके पातळ लाटा, डोळे-तोंड कापा आणि मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत तळा. फुगलेल्या घारग्यांवर डोळे हवेत तर थापतानाच खसखस दाबा.

कागद_कात्री_खळ

दिवाळीला परत वापरायचं म्हणताय, तर आकाशकंदिलापासूनच सुरुवात करा. बुरूड आळीतून कामट्या, अप्पा बळवंत चौकातून नारिंगी पतंगी कागद आणि काळा कार्डपेपर. नेहमीचा षटकोनी सांगाडा बांधा, कागद लावा. आता काळ्या कार्डपेपरची वटवाघळं, मांजर, पिंपळाची फांदी कापून आतल्या बाजूने लावा, फक्त दुहेरी चिकटपट्टीच्या ठिपक्यांवर. आकृती कागदाला अगदी टेकलेली हवी. बल्बकडे सरकली की सावली मोठी आणि पुसट होते, वटवाघूळ ओळखू येत नाही. १ नोव्हेंबरला आकृत्या काढा, खाली झिरमिळ्या लावा, दिवाळीचा कंदील तयार. बल्ब एलईडीच, ३ ते ५ वॅटचा.

खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, झुरळं कागद खात नाहीत म्हणून. मोरचूद विषारी असतो. मुलं हाताळणार असतील तर घालू नका.

कोळ्याचं जाळं रांगोळीनेच काढा. फरशीवर काळ्या रांगोळीचा गोल चाळणीने पसरवा, त्यावर पांढऱ्या रांगोळीने मध्यातून आठ रेषा. दोन रेषांना जोडणारे धागे मध्याच्या बाजूला वाकलेले हवेत. बाहेर फुगले की जाळ्याचं कमळ होतं. ही चूक दहातली नऊ जणं करतात.

गॅलरीत कापसाची जाळी ताणू नका. पणतीची ठिणगी पुरते, शिवाय चिमण्यांचे पाय अडकतात. घरातही लावायची असेल तर पांढरा सुती दोरा बरा.

कवट्या नकोत म्हणताय, तर भुतं आपलीच घ्या ना! पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, वेताळ. कार्डपेपरच्या फांदीवर शेंडी ठेवलेला छोटा मुंजा बसवा, त्याची गोष्ट आजीच सांगतील.

दिवेलागण

दोन गोष्टी जपा. भोपळ्यात खरी पणती लावणार असाल तर वर रुपयाएवढं भोक हवं, नाहीतर छत करपून वास सुटतो आणि ज्योत विझते. एलईडीचा दिवा असेल तर हा प्रश्नच नाही. धुरासाठी ड्राय आइस आणायचा विचार असेल तर मुलं असताना टाळाच. तो उणे ७८ अंशांवर असतो, हाताला चिकटून कातडी जाळतो, बंद बाटलीत घातला तर बाटली फुटते. पेयात तर कधीच नाही.

आजींना सण काय आहे ते सांगायचं असेल तर: आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या साविन (Samhain) या हिवाळ्याच्या सुरुवातीच्या सणात त्याचं मूळ सापडतं. नंतर १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणून तो पाळला जाऊ लागला. तिकडे आधी सलगम कोरत, भोपळा आला तो अमेरिकेत गेल्यावर. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

कर्वेनगर_तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: पांढरं भूत म्हणून अख्खा कोहळा ठेवायचा आहे, पण त्यावर मार्कर चालतच नाही.

मंडई_ते_मार्केटयार्ड

कोहळ्यावर पांढरी भुकटी असते, ती मेणासारखी असते, म्हणून शाई धरत नाही. जिथे डोळे-तोंड काढायचं तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि मग काढा. बाकीची भुकटी तशीच राहू द्या, भूत तिच्यामुळेच पांढरं दिसतं. दृष्टीसाठी कोहळा दारात टांगतात, त्यामुळे आजींना आधी विचारा. दारात नको म्हणाल्या तर खिडकीत ठेवा. न कापलेला कोहळा दिवाळीपर्यंत सहज टिकतो. मग साल जाड काढून गर किसा, पिळा आणि किसाइतकीच साखर, त्याच्या निम्मं ओलं खोबरं घालून वड्या थापा.