पावसाळाभर ट्रेलर गावी झाकून ठेवायचा आहे, बॅटऱ्या चार्ज कशा ठेवू? मदत हवी आहे

वाडीवाली:

नमस्कार मंडळी. मदत जरा घाईची आहे. आगोटीची कामं सुरू झाली आहेत आणि पाऊस लागायच्या आत आमच्या ट्रेलरची सोय लावायची आहे.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचा, आत झोपायची-रांधायची सोय असलेला. सोळा फुटी, फायबरची बॉडी. टपावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, आत १०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या पॅरलल जोडलेल्या. आम्ही पुण्यात राहतो आणि सोसायटीत तो उभा करायला जागा नाही, म्हणून तो गुहागर तालुक्यात गावच्या घरी असतो. आगर ओलांडलं की समुद्र. घरी काका-काकू दोघंच, आणि काकांनी सत्तरी ओलांडली आहे.

गणपतीला घर भरतं. मुंबईहून सगळे चाकरमानी येतात, माजघरापासून पडवीपर्यंत अंथरुणं पडतात. यंदा दोन्ही वहिनी आणि त्यांची तान्ही मुलं ट्रेलरमध्ये झोपवायची असं ठरलं आहे. म्हणजे जूनपासून गणपतीपर्यंत तो बंद राहणार आणि मग आल्या दिवशी दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालू झाला पाहिजे. आत कुबट वास नको, गाद्यांवर बुरशी नको. तान्ह्या मुलांचा प्रश्न आहे, त्यामुळे यात मला तडजोड नको आहे.

अडचण अशी की ट्रेलर झाकला तर टपावरचं पॅनेलही झाकलं जातं आणि बॅटऱ्या उपाशी. उघडा ठेवला तर आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो सरळ कुठे पडतो, समुद्रावरून आडवा येतो. टपावरच्या झरोक्याचं आणि पॅनेलच्या वायरी आत जातात तिथलं सील तीन-चार महिने त्या माऱ्याला टिकेल याची मला खात्री नाही.

बघावं म्हणून मे महिन्यात ताडपत्री घालून ठेवला होता. मेन स्विच बंद केलेला. पूर्ण चार्ज करून रात्रभर तसंच ठेवल्यावर मल्टिमीटर १२.८ व्होल्ट दाखवत होता. आठवड्याभराने काकांना फोन केला. ते चष्मा पुसून बॅटरीच्या डब्यापाशी उकिडवे बसले, लाल वायर इकडे, काळी तिकडे असं पुटपुटत त्यांनी आकडा वाचला: १२.४. काहीही चालू नसताना एवढं उतरलं, तर गणपतीपर्यंत काय उरणार?

घरातून वायर ओढून चार्जर लावून ठेवावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण पहिल्या सरीला वीज जाते, येते तेव्हा व्होल्टेजचा भरवसा नसतो. आणि अंगणात घोटाभर पाणी असताना काकांनी २३० व्होल्टची एक्स्टेन्शन हाताळावी हे मला मुळीच मान्य नाही. ते “काय होत नाही गो” म्हणतील आणि करतील, म्हणूनच तशी वेळच यायला नको. मी पुण्याला परतल्यावर काकांना काहीही करावं लागू नये अशी व्यवस्था हवी आहे.

झाकायला काय वापरू, शेड मारावी का, आणि बॅटऱ्यांचं काय करू? कोकणातच ज्यांनी गाडी, होडी, काहीही पावसाळाभर ठेवलं आहे त्यांचा अनुभव जास्त मोलाचा वाटेल.

खलाशी:

ताई, आम्ही हर्ण्याचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढून शाकारून ठेवायचं काम दरवर्षीचं. त्यावरून सांगतो.

ताडपत्री कधीही अंगाला चिकटवून बांधू नका. वाऱ्याने ती दिवसरात्र फडफडते आणि खाली रंग असो वा फायबर, घासून घासून पांढरं पडतं. शिवाय आत घाम धरतो. आम्ही मधे उभी-आडवी बांबूची काठी धरून वर झापं टाकतो, होडी आणि झापांमध्ये हात जाईल एवढी हवा खेळती ठेवतो. पाणी उताराने निघून जातं, आत बुरा धरत नाही. ट्रेलरलाही तोच न्याय. वरून छप्पर, बाजू मोकळ्या.

जागा बघून घ्या. माडाखाली अजिबात नको. नारळ तर पडतोच, पण ओली झावळ पडली तरी टपाचा झरोका फोडते. चाकाखाली फळ्या देऊ नका, वाळवी लागेल, चिरे द्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, खाऱ्या हवेत ब्रेक शू धरून बसतात आणि गणपतीत चाक फिरत नाही. त्याऐवजी चाकांना पुढून-मागून चिऱ्यांची उटी लावा. पुढचं तोंड किंचित उचललेलं असू दे, टपावर पाणी थांबणार नाही. टायरमध्ये हवा कंपनीने दिलेल्या कमाल दाबापर्यंत भरून ठेवा.

इंजिनाची बॅटरी आम्ही सरळ काढून घरी आणतो.

सोलरवाला:

तुमचा प्रश्न चार्जिंगचा नाही, गळतीचा आहे.

आकडे बघा. १२.८ वरून १२.४ म्हणजे एजीएममध्ये साधारण पाव भाग उतरला. तुमच्या २०० अँपिअर-अवरमधले ५० गेले. आठवड्याभरात ५०, म्हणजे पाव अँपिअरच्या थोडं वर करंट सतत कुठेतरी जातो आहे. बॅटरी नुसती पडून एवढी उतरत नाही. चांगली एजीएम बॅटरी महिन्याला तीन टक्क्यांच्या आत-बाहेर उतरते, आपल्याकडच्या उकाड्यात थोडी जास्त धरा. तुमच्या जोडीला महिन्याला सहा-आठ अँपिअर-अवर. याचा अर्थ पूर्ण चार्ज करून वायरी काढून ठेवलेली बॅटरी जूनपासून गणपतीपर्यंत काहीही न करता ८५-९० टक्क्यांवर राहते.

मेन स्विच बंद असूनही करंट जातो, कारण काही गोष्टी स्विचच्या आधीच थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. गॅस गळतीचा अलार्म, इन्व्हर्टरचा स्टँडबाय, स्टिरिओची मेमरी, यूएसबी सॉकेटचा निळा दिवा. एकट्या गॅस अलार्मने १०० मिलिअँपिअर घेतला तर दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात. सिलिंडर बंद करून बाहेर काढून ठेवणारच आहात, मग अलार्मचं त्या काळात काम नाही.

म्हणून दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा, आणि मग निगेटिव्हची केबल टर्मिनलवरून काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. दोघींना जोडणारी केबलही काढा, म्हणजे एक कमजोर असेल तर ती दुसरीला ओढत बसणार नाही. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा, खारी हवा आहे.

क्रम मात्र पाळा. आधी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) सोडवायची, नंतर बॅटरीची. परत जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलवर ऊन पडलं तर काही कंट्रोलर कामातून जातात.

चिरेबंदी:

सोलरवाला यांना दुजोरा. गावात सतत चार्जर लावून ठेवायच्या मी विरोधात आहे. साधे स्वस्त चार्जर १४.४ च्या वर ढकलत राहतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर निदान डिस्टिल्ड वॉटर घालता येतं, एजीएम एकदा आतून सुकली की संपली. बॅटरी भरल्यावर फ्लोटला, म्हणजे नुसतं भरलेलं राखायला, १३.५ ते १३.८ व्होल्ट धरणारा स्मार्ट चार्जर चांगला, पण त्यातलेही काही वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. विजेवर अवलंबून राहणारी व्यवस्था ज्या काळात लागते नेमकी त्याच काळात बंद पडते.

शेडबद्दल. जीआय पाइपचे खांब, वर पत्रे. घराच्या भिंतीच्या आडोशाला करा, पण कौलांच्या पागोळ्या शेडवर येणार नाहीत एवढं अंतर ठेवा. खांब काँक्रीटमध्ये नीट गाडा. कोकणात छप्पर पावसाने पडत नाही, वाऱ्याने उचललं जातं. पत्रे नुसत्या स्क्रूवर सोडू नका, हूक मारा. समुद्राकडच्या बाजूला शेडनेट लावा, आडवा पाऊस आणि खारं तुषार अडतात, हवा अडत नाही. तिन्ही बाजू प्लास्टिकने बंद केल्या तर आत भट्टी होईल आणि बुरशी ठरलेली.

पेंगुळलेला:

माझ्याकडे लिथियम आहेत. मी पण पूर्ण भरून काढून ठेवू का?

सोलरवाला:

नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर निम्म्याच्या थोडं वर, ५०-६० टक्क्यांवर ठेवा आणि सोडवा. शंभर टक्के भरून महिनोन्‌महिने ठेवणं तिला मानवत नाही. उलट लेड-ॲसिडला, म्हणजे एजीएमलाही, भरलेली ठेवलेलीच आवडते. अर्धी उतरलेली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी पूर्वीची ताकद येत नाही.

वाडीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आले.

मीटर लावून पाहिला. मेन स्विच बंद असताना ०.२८ अँपिअर जात होते. गॅस अलार्मची वायर काढली, ०.१९. इन्व्हर्टरचा फ्यूज काढला, मीटर जवळजवळ शून्यावर. दोन्ही जोडण्या बॅटरीवरून थेट घेतल्या होत्या, स्विचला वळसा घालून. सोलरवाला, तुम्ही न बघता जे सांगितलंत तेच निघालं.

बॅटऱ्या मी घरातच आणून ठेवल्या. एकेक जवळजवळ तीस किलोची, भावाने आणि मी मिळून उचलली. माजघरात कोपऱ्यात फळीवर ठेवल्या आहेत, केबल काढलेल्या. काकूंना वाटत होतं जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते. आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही, पण ओलीपासून दूर राहील म्हणून फळी असू दे म्हटलं.

शेडचं काम गावातल्याच फॅब्रिकेटरला दिलं आहे, या आठवड्यात खांब उभे राहतील. घराच्या उत्तरेला, गडग्याच्या आडोशाला जागा आहे, माड लांब आहेत. चाकाखाली चिरे, हँडब्रेक सोडलेला. पाण्याची टाकी रिकामी केली, फ्रीजचं दार उघडं ठेवून मधे लाकडी चमचा अडकवला, गाद्या उभ्या करून भिंतीपासून हातभर लांब ठेवल्या. टपाचा झरोका शेड झाल्यावर थोडा उघडा ठेवणार आहे.

एकच राहिलं. उंदीर. आमच्या आगरात घुशीही आहेत. वायरी कुरतडल्या तर बॅटऱ्या वाचवून उपयोग नाही. विषाचे तुकडे ठेवायला नको आहेत, घरात मांजर आहे आणि गणपतीत मुलं रांगणार आहेत.

खलाशी:

खालून जिथे जिथे वायर आणि पाइप आत जातात ती भोकं शोधा. पत्र्याचा तुकडा किंवा लोखंडी जाळी कापून बसवा, फटीत स्टीलवूल दाबून भरा. फोम भरू नका, तो ते कुरतडतात. खायचा एक दाणाही आत ठेवू नका, अगदी काड्यापेटीच्या खोक्यातली साखरसुद्धा. आणि चिऱ्यांचा ढीग ट्रेलरला लागून ठेवू नका, घुशी त्याच्या आडोशाला बिळं करतात.

सोलरवाला:

गणपतीच्या आधी दोन-चार दिवस कोणी जाणार असेल तर व्होल्टेज बघून घ्या. १२.६ च्या वर असेल तर सरळ जोडा, बाकीचं पॅनेल भरेल, तेवढा ट्रेलर शेडबाहेर ओढावा लागेल. १२.४ च्या खाली असेल तर आधी घरात चार्जरवर पूर्ण भरा, खिडकी उघडी ठेवून. गॅस अलार्म जोडायला विसरू नका, सिलिंडर लावायच्या आधी. आत मुलं झोपणार आहेत.

वाडीवाली:

अलार्मचं लिहून ट्रेलरच्या दारावर आतून चिकटवलं आहे. भाऊ गौरी-गणपतीच्या सामानासाठी आधी जाणारच आहे, मल्टिमीटर त्याच्याकडे दिला. आकडा आला की इथे कळवते.