एवढ्या मोठ्या विश्वात आपण नक्की कोण?

कात्रजकर: परवा तोरण्याच्या पायथ्याला रात्री देवयानी दीर्घिका बघितली, नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो, आणि मित्र म्हणाला हा उजेड २५ लाख वर्षं जुना आहे. आपली होमो सेपियन्स जात जेमतेम ३ लाख वर्षांची! तेव्हापासून प्रमोशन, ईएमआय सगळं फालतू वाटतंय. तुम्हाला होतं का असं?

सदाशिवपेठी: ईएमआय तरी ५ तारखेला कटणारच. आणि आपण क्षुद्र आहोत हे कळायला देवयानी कशाला, संध्याकाळी चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये जाऊन उभे राहा.

खोडदवाली: मला उलटंच वाटतं. आमच्याकडे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटरच्या ३० डिश, त्यात ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा सिग्नल सापडला, २०२३ ला बातमी होती, तोही मधे आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने मोठा झाला म्हणून. पृथ्वीच साधारण ४५० कोटी वर्षांची, म्हणजे तो निम्म्या वाटेत असताना ही जन्मली, आणि शेवटी पकडला कुठे तर नारायणगावजवळ शेतांच्या मधे!

कात्रजकर: भारीच! आत जाऊन बघता येतं का?

खोडदवाली: विज्ञान दिनाच्या सुमाराला, २८ फेब्रुवारीला वगैरे, लोकांना सोडतात. मोबाईल बंद ठेवायला लागतो पण.