बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, तोंडाची अवस्था बघवत नाही. काय करू?

कोथरूडची_लेक:
बाबा 71 वर्षांचे, ब्रेन हॅमरेज झालं, आज आयसीयूत नववा दिवस. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं भेटायला सोडतात. काल जवळ वाकले तर तोंडाचा इतका घाण वास, ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं, जीभ तपकिरी आणि खरखरीत, ट्यूब बांधलेली पट्टी गालात रुतलीये. सिस्टरला विचारलं तर "होते हो मॅडम माउथ केअर" एवढंच. जेवल्यावर चार चुळा भरल्याशिवाय हा माणूस कधी खुर्चीत टेकला नाही हो. बोरोग्लिसरीन नेऊन लावू का? आत्या म्हणते तीर्थाचे दोन थेंब तरी घाल. आणि जास्त बोलले तर तिथली माणसं डूख धरतील का, ही पण भीती वाटते.

नाइट_ड्यूटी_सिस्टर:
ताई, आधी तीर्थाचं. तोंडात एक थेंबही नको, कपाळाला लावा, डोळ्यांना लावा, आत्यांचंही समाधान होईल. ट्यूबच्या टोकाशी फुगा असतो, तो श्वासनलिकेत फुगवलेला असला तरी शंभर टक्के सील होत नाही, त्याच्या वर लाळ साठते आणि कडेने हळूहळू खाली झिरपते. तोंड घाण असेल तर तीच घाण फुफ्फुसात. ट्यूब टाकून 48 तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो त्याला व्हॅप म्हणतात, आम्हाला सगळ्यात जास्त धाक त्याचाच. म्हणून बेडचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवतात, फुग्याचं प्रेशर तपासतात, सक्शन करतात, म्हणजे नळीने लाळ ओढून घेतात. ब्रशला मात्र दोघी लागतात, एकीने ट्यूब धरायची, दुसरीने घासायचं आणि लगेच ओढून घ्यायचं, आणि रात्री माणूस कमी असला की राहून जातो तो ब्रशच, खोटं कशाला बोलू. लहान मुलांचा मऊ ब्रश आणून द्या आणि गोड आवाजात विचारा, "दिवसातून दोनदा होतो ना?" यावरून कुणी डूख धरत नाही. ट्यूब रोज डावीकडून उजवीकडे हलवतात का तेही विचारा, गालातली पट्टी त्यानेच सुटेल. तुम्ही स्वतः मात्र हात घालू नका.

वऱ्हाडी_माणूस:
कवळी आहे का बाबांना? असेल तर आजच डब्यात घालून, नाव लिहून घरी आणा. आमच्या आईची टिशूत गुंडाळून उशाशी ठेवली होती, मावशींनी झाडताना कचऱ्यात टाकली. आई बरी झाली पण घरी आल्यावर तीन महिने पेजेवर. बाकी आमच्याकडे औषधाचं पाणी बोळ्याने फिरवायचे, तेवढं पुरे म्हणायचे.

दातवाला_डॉक्टर:
वरच्या भाऊंचं शेवटचं वाक्य पुरं नाही. ते औषध बहुतेक क्लोरहेक्सिडीन. वर्षानुवर्षं सगळे तेच लावत आले, पण अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी 2022 मध्ये व्हेंटिलेटरच्या पेशंटसाठी ते नको म्हटलं आणि ब्रश मात्र आवश्यक यादीत घेतला. 2023 च्या शेवटी 15 चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्यातही ब्रशने न्यूमोनिया कमी झालेला दिसला, जास्त करून व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये. कारण साधं आहे, दातावरचा चिकट थर नुसत्या पाण्याने किंवा बोळ्याने निघत नाही, घासावाच लागतो. बोरोग्लिसरीन नको, ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, तोंड आणखी कोरडं पडतं. ओठांना पाण्याचा बेस असलेलं जेल विचारून लावता येईल. गालात किंवा जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, त्याचं वेगळं औषध असतं, डॉक्टरांना दाखवा. आणि प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ब्रशबद्दल त्यांनाच विचारायचं, हिरड्यांतून रक्त येतं.

कोथरूडची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. ब्रश दिला, आजच्या सिस्टर चांगल्या होत्या, दोघींनी मिळून केलं, मी काचेबाहेरून बघितलं. सक्शनच्या नळीतून काय काय आलं बाप रे. कवळी नाहीये, पण पुढच्या दाताची कॅप हलतेय असं एक सिस्टर दुसरीला म्हणाली. हे उद्या राउंडला डॉक्टरांना सांगू का?

नाइट_ड्यूटी_सिस्टर:
उद्या नाही, आत्ता फोन करा. निघाली तर थेट घशात जाते.