ओटीपी टेकडीवर, पोर्टल तालुक्याला: दहा शाळांच्या पासवर्डचं काय करावं?

मेळघाट_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे, यंदा चौदावं वर्ष. शाळा द्विशिक्षकी, मुलं जवळजवळ सगळी कोरकू. प्रश्न लांबलचक आहे, पण कृपा करून पूर्ण वाचा.

शाळेत नेटवर्क नाही. हजेरी, पोषण आहार, शिष्यवृत्ती, मुलांची नोंद, सगळं ऑनलाइन भरायचं असतं. लॉगिन करताना ओटीपी जातो मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर. रेंज मिळते ती गावामागच्या टेकडीवर, मोहाच्या झाडापाशी. म्हणून आमच्या केंद्रात, म्हणजे दहा शाळांच्या गटात, एक रीत पडून गेली. मी आणि दुसरे एक सर शनिवारी शाळा सुटली की धारणीला येतो, ओळखीच्या दुकानात वायफायवर बसतो आणि दहाही शाळांची माहिती भरतो. दहाही पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. मी फोन लावतो, "सर, ओटीपी आला का? सांगा." त्या शाळेचे मुख्याध्यापक टेकडीवर उभे असतात, एकेक आकडा वाचून दाखवतात. पाच वर्षं हे असंच चाललंय.

गेल्या महिन्यात शेजारच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सरांना फोन आला. "तालुक्यावरून बोलतोय, तुमच्या शाळेची नोंद अर्धवट आहे, आत्ता सहा आकडे आले असतील ते सांगा." सरांनी सांगितले. ते आकडे त्यांच्या व्हॉट्सॲपचे होते. तासाभरात त्यांच्या नावाने सगळ्यांना निरोप गेले, की पोरगी दवाखान्यात आहे, पैसे पाठवा. दोघांनी पाठवले, एकाने आठ हजार, एकाने पाच. एका मॅडमनी लगेच १९३० ला फोन लावला, म्हणून पाच हजार वाटेत अडले. आठ हजार गेले ते गेलेच.

सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी भेटायला गेलो तर एवढंच म्हणाले, "तूही असाच तर मागतोस रे."

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. सर भोळे नाहीत. फोनवर आकडे सांगायची सवय त्यांना मीच लावली, दर शनिवारी, पाच वर्षं.

आणखी एक गोष्ट. नव्वद दिवस झाले की पोर्टल पासवर्ड बदलायला लावतं. आमचा पासवर्ड म्हणजे शाळेचं नाव आणि शेवटी एक आकडा, तो दर वेळी एकाने वाढतो. सरांना तो फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी मी नवी यादी ग्रुपवर टाकली. सरांचं व्हॉट्सॲप परक्याच्या हातात गेलंय हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या पोर्टलवर मुलांच्या जन्मतारखा आहेत, आईचं नाव, जात, बँक खातं. आता काय करू? आणि दोष नेमका कशाचा, ओटीपीचा, नेटवर्कचा की आमचा?

पुण्याचा_पहारेकरी

गुरुजी, आधी हातातलं काम. दहाही पासवर्ड आजच बदला. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर नोंदवलं की जुने निरोप तिकडे आपोआप जात नाहीत, पण त्यानंतर ग्रुपवर पडलेला प्रत्येक निरोप त्या माणसाला दिसतो. तुमची यादी त्याने पाहिली असं धरूनच चाला. सगळ्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (ज्याने त्याने स्वतः ठरवायचा वेगळा आकडा) लावून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. तो पिन असता तर नुसत्या सहा आकड्यांवर खातं गेलं नसतं.

नव्वद दिवसांच्या नियमाबद्दल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ मध्ये पासवर्डाची जी मार्गदर्शिका काढली ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. सारखा पासवर्ड बदलायला लावला की माणसं शेवटचा आकडा वाढवतात, तुम्ही केलं तसंच. त्याच वर्षीच्या नव्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नये असं आलं. आपल्याकडच्या कित्येक पोर्टलांवर मात्र ती अजून आहे. लांब पासवर्ड घ्या, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. फुटल्याचा संशय आला तरच बदला.

टेकडीचा त्रास सुटू शकतो. ऑथेंटिकेटर ॲपला रेंज लागतच नाही. पहिल्यांदा एक क्यूआर कोड स्कॅन करायचा, त्यातून एक गुप्त किल्ली फोनमध्ये जाते. मग ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर तीस सेकंदांनी नवे सहा आकडे तयार होतात, फोनमधल्या फोनमध्ये. ही पद्धत २०११ पासून खुलं मानक आहे. फोनची वेळ बरोबर हवी आणि पोर्टलने ती सोय द्यायला हवी, एवढ्या दोनच अटी.

पण तुमच्या सरांचं वाक्य इथेही लागू पडतं. ॲपमधले आकडेसुद्धा फोनवर वाचून दाखवता येतात. वाचून दाखवताच येत नाही अशी गोष्ट म्हणजे पासकी, पासवर्डाऐवजी फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली. ती त्या खऱ्या संकेतस्थळाशी बांधलेली असते, नकली पानावर चालत नाही आणि माणसाला दिसतही नाही. जे दिसत नाही ते कोणी मागितलं तरी काय देणार?

निवृत्त_एक्स्चेंजवाला

दूरध्वनी खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून नेटवर्काचं थोडं सांगतो. एसएमएस ही व्यवस्था वेळेवर पोचण्याची हमी देणारी नव्हतीच. पाठवलेला निरोप आधी एसएमएस केंद्रात जातो. तुमचा फोन रेंजमध्ये नसेल तर तिथेच पडून राहतो, फोन दिसला की पुढे सुटतो. सर टेकडी चढेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते, ती यामुळे. शिवाय इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. मराठी निरोप जरा लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि कच्च्या रेंजमध्ये एक तुकडा मागे राहतो.

सुरक्षेचं म्हणाल तर नेटवर्कं एकमेकांशी ज्या एसएस-सेव्हन भाषेत बोलतात ती १९७० च्या दशकातली. तेव्हा मोजक्याच दूरध्वनी कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींवर विश्वास ठेवून होत्या. त्याच विश्वासाचा फायदा घेऊन २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी बँकेचे कोड स्वतःकडे वळवले आणि खाती रिकामी केली. त्याच वर्षी एनआयएसटीनेही फोन नेटवर्कवरून येणाऱ्या कोडला 'मर्यादित', म्हणजे जपून वापरायच्या, वर्गात टाकलं.

एक तपासा गुरुजी. दहातल्या किती शाळांच्या पोर्टलवर बदली झालेल्या किंवा निवृत्त मुख्याध्यापकांचा नंबर अजून आहे? बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग शाळेचा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

सिंधुदुर्गातली_बाई

पहारेकरी दादा, तुमचं सगळं पटतं, पण माझ्या मुख्याध्यापिकांकडे बटनांचा फोन आहे. तिथे ना ॲप चालत, ना पासकी. आणि पोर्टल कोणती सोय देणार हे गुरुजींच्या हातात नाही. एसएमएस वाईट म्हणून उद्या बंद केला तर आमच्यासारख्यांकडे नुसता पासवर्ड उरेल, ते त्याहून वाईट.

आमच्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याला रेंजचं हेच रडगाणं आहे. आम्ही क्रम उलटा केला. माहिती महिनाभर शाळेतच फाइलमध्ये भरून ठेवायची, नेट नसताना. मग महिन्यातून एक दिवस प्रत्येक मुख्याध्यापक स्वतः फोन घेऊन तालुक्याला येतात आणि ओटीपी स्वतःच्या हाताने टाकतात. शेजारी बसलेल्या मलाही तो वाचून दाखवत नाहीत. सुरुवातीला रुसवेफुगवे झाले, "बाई, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, विश्वास आहे, पण उद्या माझा आवाज काढून कोणी फोन केला तर तुमची पंचाईत नको.

पासवर्ड कागदावर लिहून शाळेच्या कपाटात कुलपाखाली ठेवा. ग्रुपपेक्षा तो कागद कितीतरी बरा, आमच्या कपाटापर्यंत यायला चोराला घाट चढावा लागेल. आणि मुलांच्या माहितीचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय. हे काम गुरुजींच्या शनिवारावर सोडून कसं चालेल? वरच्या कार्यालयाला लेखी कळवा, पोचपावती घ्या.

मेळघाट_गुरुजी

सगळ्यांचे आभार. परवा दिवसभर बसून दहाही पासवर्ड बदलले. एक्स्चेंजवाल्या काकांनी सांगितलेलं तपासलं. तीन शाळांवर जुने नंबर निघाले. त्यातल्या एका सरांना देवाघरी जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांचा नंबर लावून पाहिला तर कोणीतरी हिंदीत बोललं. मी फोन ठेवला, तिन्ही नंबर बदलण्याचे अर्ज लिहिले आणि काल स्वतः नेऊन दिले. पासवर्ड फुटल्याचंही त्यातच लिहिलंय. पोचपावती आहे.

आमच्या पोर्टलवर ॲपची सोय नाही, त्यामुळे ताईंचा क्रम लावणार. अडचण अंतराची आहे. दोन गावांहून धारणीला यायला एसटी एकच, पावसाळ्यात सिपना नदी चढली की तीही बंद. त्या दोन शाळांसाठी मीच मोटारसायकलवर सरांना घेऊन येईन असं ठरलंय.

त्या सरांकडे काल पुन्हा गेलो होतो. सांगितलं, "सर, यापुढे मी फोनवर आकडे मागितले तरी द्यायचे नाहीत." त्यांनी पिन लावून घेतला, स्वतःच्या हाताने. मला पाठ फिरवायला सांगितली. मी फिरवली.