विषय: सिंड्रेलासोबत जेवायचं बुकिंग कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या सुट्टीत आम्ही ऑरलँडोला डिस्नी वर्ल्ड बघायला निघालोय. २२ मार्चला डिस्नीच्याच हॉटेलात उतरायचं आणि २८ ला परत. नाशिकहून आई-बाबा येतायत, म्हणजे लेकरं धरून आम्ही सहा जण. धाकटा दोन वर्षांचा. मोठी पाच वर्षांची आहे आणि तिला सिंड्रेलासोबत जेवायचंय, तेही मॅजिक किंगडम पार्कातल्या सिंड्रेला कॅसलमध्येच.

मागच्या खेपेला आम्ही आठवडाभर आधी बघायला घेतलं. जिथे जावं तिथे जागा नाही. एका एजंटने टेबल मिळवून देतो म्हणून पैसे घेतले, टेबल काही मिळालं नाही. लेक कॅसलच्या दाराशी उभी राहून आत जाणाऱ्या मुलींकडे बघत होती. काही बोलली नाही, पण तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. या वेळी असं होऊ द्यायचं नाहीये. कुणाला जमलंय का? कसं केलंत?

— दोन मुलांची आई, नेपरव्हिल, इलिनॉय

———

विषय: उत्तर: सिंड्रेलासोबत जेवायचं बुकिंग

अगं, सगळ्यात आधी एक: एजंटला पुन्हा एक पैसाही देऊ नकोस. हे बुकिंग फुकट असतं. मी तीन वेळा केलंय, दोनदा लेकीसाठी आणि मागच्या वर्षी नातवासाठी. वेळ पाळली तर घरबसल्या जमतं.

सगळी मदार तारखेवर आहे. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. (पूर्वी १८० दिवस आधी उघडायचं. सहा महिने आधी कुठे काय जेवायचं ते ठरवून बसावं लागायचं. ते गेलं ते बरंच झालं.) बाहेर राहणाऱ्यांना रोज फक्त ६० दिवसांनंतरचा एकेक दिवस उघडतो. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मात्र मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी सगळ्या मुक्कामाचं, जास्तीत जास्त दहा दिवसांचं, बुकिंग एकदम करता येतं. तुमचा हा फायदा वाया घालवू नका.

आता मोज. दोन महिने आधी म्हणजे २२ जानेवारी, असं डोक्यात येतं आणि तिथेच माणसं चुकतात. ६० दिवस मोजलेस तर २१ जानेवारी येते. त्या एका दिवसात सगळी टेबलं जातात.

दुसरं म्हणजे शेवटाकडून सुरुवात कर. २८ मार्चचं टेबल बाहेरच्यांना २७ जानेवारीला दिसणार, तुला २१ लाच दिसेल. त्या दिवसासाठी स्पर्धेत फक्त हॉटेलवाले असतात. म्हणून कॅसलसारखं अवघड ठिकाण २६, २७ मार्चला शोध. पहिल्या दोन दिवसांत सोपी ठिकाणं ठेव.

वेळ सकाळी ६ ची, पण ती फ्लोरिडाची, म्हणजे आपल्याकडे इलिनॉयमध्ये पहाटे ५. कधी कधी तिथल्या पावणेसहालाच बुकिंगचं पान उघडतं, तेव्हा आपल्या साडेचारला उठून बस. आदल्या रात्रीच डिस्नीच्या ॲपमध्ये लॉगिन कर, हॉटेलचं बुकिंग खात्याला जोडलंय ना ते बघ, क्रेडिट कार्ड भरून ठेव. बहुतेक ठिकाणी न सांगता गेलो नाही तर माणशी १० डॉलर कापतात. दोन तास आधी रद्द केलं तर काही नाही.

धाकट्यालाही माणसांत धर, खुर्ची लागतेच. पैसे तीन वर्षांच्या आतल्याचे पडत नाहीत. तीन ते नऊ मुलांचा दर, दहापासून पुढे मोठ्यांचा.

— शॉमबर्गची काकू

———

विषय: उत्तर: सिंड्रेलासोबत जेवायचं बुकिंग

ताई, काकूंनी सांगितलंय ते अगदी बरोबर. मी थोडी भर घालतो.

लेकीला सिंड्रेला हवीय की कॅसल, हे तिला एकदा नीट विचारा. कॅसलमधलं रेस्टॉरंट मॅजिक किंगडम १९७१ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचं आहे. आधी त्याचं नाव राजा स्टीफनवरून होतं, म्हणजे 'स्लीपिंग ब्यूटी'मधल्या ऑरोराच्या वडिलांवरून. सिंड्रेलाच्या कॅसलमध्ये हे नाव खटकणारच. १९९७ मध्ये ते सिंड्रेलाज रॉयल टेबल झालं. तिथे सिंड्रेला खाली प्रवेशाशी भेटते आणि वर टेबलापाशी दुसऱ्या राजकन्या येतात. म्हणजे जेवताना सिंड्रेला शेजारी बसलीय, असं नाही होत. हे पाच वर्षांच्या मुलीला आधीच सांगितलेलं बरं.

सिंड्रेला टेबलापाशी हवी असेल तर डिस्नीच्याच ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं १९०० पार्क फेअर हे रेस्टॉरंट बघा. एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. सिंड्रेला, टियाना, अलादीन आणि मिराबेल ही डिस्नीची पात्रं एकेक करून टेबलापाशी येतात. हॉटेलात असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही आणि मॅजिक किंगडमहून मोनोरेलने जाता येतं. तुमचे आई-बाबा दिवसभर उन्हात चालून दमलेले असतील. रात्री बसून निवांत जेवायला मिळणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. पात्रंच आपल्याकडे येतात, आपण रांगेत उभं राहत नाही. माझ्या वडिलांचा गुडघा दुखतो, त्यांना सगळ्या सहलीतलं हेच जेवण आवडलं.

डिस्नीच्या एपकॉट पार्कच्या नॉर्वे विभागातलं आकेर्सहूस रेस्टॉरंटही राजकन्यांचंच आहे, पण तिथे सिंड्रेला असेलच असं नाही.

आणि सहा जणांचं टेबल नाही मिळालं तर चार आणि दोन असं वेगळं शोधा. दोनचं टेबल बरेचदा निघतं.

२१ जानेवारीला चुकलं तरी हातपाय गाळू नका. सहलीच्या ३० दिवस आधी पॅकेजचे उरलेले पैसे भरायचे असतात, म्हणजे तुमच्यासाठी २० फेब्रुवारी. बेत बदललेले लोक त्या सुमारास टेबलं सोडतात. त्यानंतर आदल्या रात्रीही बघा. आम्हाला टस्कर हाऊस रेस्टॉरंटचं टेबल असंच रात्री साडेदहाला मिळालं.

— ऑरोराहून, हो, आपलं इलिनॉयमधलं ऑरोरा

———

विषय: उत्तर: सिंड्रेलासोबत जेवायचं बुकिंग

टस्कर हाऊसचा विषय निघाला म्हणून लिहिते. ॲनिमल किंगडम पार्कमध्ये आहे, डोनाल्ड आणि मंडळी असतात, बुफे आहे. शाकाहारी माणसांना बुफे सर्वांत सोयीचा, काय आहे ते समोर दिसतं. माझ्या सासूबाईंना तिथे भात आणि मसाल्याची भाजी मिळाली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

अंडं चालत नसेल तर मात्र सांभाळा. मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या वॉफलमध्ये अंडं असतं. मेन्यूत झाडाच्या पानाचं चिन्ह दिसलं की तो पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, दूधही नाही. बुकिंग करतानाच आहाराची नोंद करा आणि तिथे गेल्यावर वेटरला पुन्हा सांगा. आमच्याकडे शेफ स्वतः बाहेर आला, सासूबाईंशी बोलला आणि वेगळं ताट करून दिलं.

सह्या घेणार असाल तर जाड पेन न्या. मिकीच्या हातमोज्यात बारीक पेन धरता येत नाही.

आणि एक मनापासून सांगते. एकाच दिवसाचे तीन नाश्ते धरून ठेवू नका. नको झालेलं त्याच दिवशी सोडा. आपल्यासारखंच कुणाचं तरी लेकरू वाट बघत असतं.

— ऑरोराच्या शेजारची, बटेव्हिया

———

विषय: उत्तर: सिंड्रेलासोबत जेवायचं बुकिंग — मिळालं!

काकू, दादा, वहिनी, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

२१ जानेवारीला आम्ही दोघं साडेचारला उठून बसलो. माझा भाऊ नाशिकहून माझ्या लॉगिनने बसला होता. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजत होते, आईचा चहा चालला होता. पावणेपाचला पान उघडलं. २७ मार्चला कॅसल, सहा जण: नाही. २६ ला: नाही. चार जण: नाही. माझे हात गार पडले होते. तेवढ्यात भावाने फोनवरून ओरडून सांगितलं, "पार्क फेअर दिसतंय, २६ ला रात्री, सहा जण, घेऊ?" घेतलं. लेकीला सकाळी सांगितलं तर ती आधी म्हणाली, "पण कॅसल?" मग सिंड्रेला आपल्या टेबलापाशी येणार म्हटल्यावर मान हलवली.

मी बघत राहिले. १९ फेब्रुवारीच्या रात्री काही नाही. २० ला दुपारी लंचब्रेकमध्ये कॅसल, २७ मार्च, दुपारचं जेवण, दोन जण. विचार न करता घेतलं.

दोघांत कोण जाणार, हा प्रश्न रात्री जेवताना निघाला. नवरा म्हणाला तू जा. मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आजी." आजीला कॅसल आतून कसा असतो ते बघायचंय, असं आजीने तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं म्हणे. आम्हाला पत्ताच नाही.

आई आता रोज विचारते की राजकन्येसमोर जाताना पैठणी चालेल का. तिला अंडं चालत नाही, तशी नोंद मी बुकिंगमध्ये केलीय. वहिनी, नोंदीशिवाय तिथे पोचल्यावर नेमकं काय सांगू, म्हणजे आईला इंग्रजीत जास्त बोलावं लागणार नाही, ते लिहाल का?

आणि शेफ मिकीज या डिस्नीच्याच रेस्टॉरंटमधला २७ चा सकाळचा नाश्ता आम्ही सहा जणांसाठी धरला होता, तो आत्ता पाच मिनिटांपूर्वी सोडलाय. त्या आठवड्यात कुणी जाणार असेल तर लगेच बघा.

— नेपरव्हिल