मदत हवी आहे: अ‍ॅपमध्ये खर्च पगारापेक्षा जास्त दिसतोय आणि खात्यात मात्र पैसे उरलेत!

मेघा_घोडबंदर
नमस्कार, कोणीतरी प्लीज लवकर सांगा, काल रात्री दीडपर्यंत बसले होते आणि डोकं काम करेनासं झालंय. तीन महिने घरखर्चाचं अ‍ॅप वापरतेय. ऑगस्टचा खर्च दाखवतंय 1,38,460. आमचा दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,12,000. आणि महिनाअखेरीला खात्यात आधीपेक्षा 14,000 जास्त आहेत! मग एक लाख अडतीस हजार गेले कुठून? अ‍ॅप दोनदा काढून परत टाकलं, आकडा तोच. नवरा म्हणतो बंद कर ते, पण मला बंद करायचं नाहीये कारण 10 नोव्हेंबरच्या आत मुलीच्या दुसऱ्या टर्मची फी भरायचीये, 38,000, आणि मागच्या वेळी ऐनवेळी भावाकडून उसने घ्यावे लागले होते, ती वेळ परत नको. तर दुसरं कुठलं अ‍ॅप चांगलं आहे? फुकट असेल तर बरं.

नेरूळकर
ताई आधी हे सांगा, अँड्रॉइड की आयफोन? एंट्री आपोआप पडतात की तुम्ही हाताने टाकता? खाती किती? क्रेडिट कार्ड आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीये, अ‍ॅप बदलून तोच घोळ परत होईल.

हिशोबवही
आमच्या लग्नाला 31 वर्षं झाली, पहिल्या महिन्यापासून 200 पानी वही आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं. कळव्याच्या चाळीत होतो तेव्हाही आणि आता टॉवरमध्ये आलो तेव्हाही. हाताने लिहिलेला खर्च मनाला लागतो, मशीनने लिहिलेला लागत नाही. अ‍ॅपच्या नादी लागू नका.

मेघा_घोडबंदर
अँड्रॉइड. बँकेचे एसएमएस वाचून आपोआप एंट्री येतात. माझं पगाराचं खातं आणि एक जॉइंट खातं, ह्यांचा पगार जॉइंटमध्येच येतो, दोन्हीचे मेसेज माझ्याच फोनवर येतात. कार्ड एकच आहे, पण त्याचं बिल आम्ही दर महिन्याला पूर्ण भरतो, त्यामुळे तो प्रश्न नाही. काका, वहीचं पटतं, पण सकाळी 7.10 ला घरातून निघते ते रात्री आठला परत, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये, वही दोन महिने केली आणि मग राहूनच गेली.

वाशी_विनय
मला माहितीये काय झालंय. 2024 पासून काही बँकांनी 100 रुपयांखालच्या युपीआयचे एसएमएस पाठवणं बंद केलंय, त्यामुळे अ‍ॅपला अर्धे खर्च कळतच नाहीत. माझ्याकडे सेम झालं होतं.

नेरूळकर
विनय, त्याने खर्च कमी दिसेल, जास्त कसा दिसेल? ताईंचा जास्त दिसतोय.
मेघाताई, बिल पूर्ण भरता तिथेच घोळ आहे. समजा 9 तारखेला डीमार्टमध्ये कार्डाने 3,240 चं सामान घेतलं. लगेच कार्डाचा एसएमएस आला, अ‍ॅपने किराण्यात 3,240 टाकले. पुढच्या महिन्यात तुम्ही खात्यातून कार्डाचं बिल भरलं, बँकेचा "खात्यातून वजा झाले" असा मेसेज आला, अ‍ॅपने तोही खर्चच धरला. एकाच तांदळाचे पैसे दोनदा! बिल भरणं हा खर्च नाही, खर्च स्वाइप केलं त्या दिवशीच झालाय. अ‍ॅपमध्ये त्या एंट्रीचा प्रकार बदलायचा पर्याय शोधा, तिथे "ट्रान्सफर" करा. आणि तुमच्या खात्यातून जॉइंटमध्ये पैसे टाकता का? तेही असंच असणार, तिकडे खर्च आणि इकडे जमा.

एक्सेलवेडा
एवढं करत बसण्यापेक्षा गूगल शीट करा ना. मी 2019 पासून घरचा हिशोब शीटवर ठेवतोय. तारीख, रक्कम, कशावर, कुठून दिले, एवढे चारच कॉलम. महिन्याच्या शेवटी पिव्होट टेबल केलं की किराणा किती, पेट्रोल किती, सगळं समोर. नवऱ्याबरोबर शीट शेअर करा, दोघांच्याही फोनवर दिसते. मुख्य म्हणजे कुठल्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस वाचायला द्यावे लागत नाहीत, ज्या इनबॉक्समध्ये ओटीपी येतात तो इनबॉक्स उघडा करून देणं मला तरी भीतीदायक वाटतं.

सीवूड्स_सागर
एसएमएसची गरजच नाही आता. अकाउंट अ‍ॅग्रिगेटर (बँकेची माहिती अ‍ॅपपर्यंत पोचवणारा मध्यस्थ) सप्टेंबर 2021 पासून सुरू आहे, रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो त्याला. तुम्ही संमती दिली की बँक थेट स्टेटमेंटची माहिती देते, मधल्या अ‍ॅग्रिगेटरला ती वाचता येत नाही, आणि संमती केव्हाही काढून घेता येते. आयफोनवाल्यांना तर हाच रस्ता, कारण तिथे अ‍ॅपला एसएमएस वाचताच येत नाहीत. मेघाताई ज्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे तेच घ्या.

एक्सेलवेडा
मधल्याला वाचता येत नाही, पण माहिती शेवटी ज्या अ‍ॅपकडे पोचते ते तर वाचतंच ना? आणि मग "तुम्हाला 5 लाखांचं लोन मंजूर" असे फोन सुरू होतात. माझ्या मेव्हण्याला आठवड्यात अकरा फोन आले.

सीवूड्स_सागर
ते संमती देताना न वाचल्यामुळे. कशासाठी, किती दिवस, कुठल्या खात्याची, सगळं स्क्रीनवर लिहिलेलं असतं. लोक सरळ पुढे दाबतात.

नौपाड्याची_काकू
अगं मेघा, मी सांगते ते कर. पगार झाला की पाकिटं करायची. दूध, भाजी, वाणी, कामवाली, रिक्षा, आलागेला. प्रत्येकात नोटा. पाकीट संपलं की खर्च थांबला. आमच्या सासूबाई साखरेच्या डब्याखाली ठेवायच्या पाकिटं. आणि भाजी सोसायटीच्या गेटवर घेऊ नकोस, गावदेवीला ये, किराणा महिन्याचा एकदम जांभळी नाक्यावरून भर, तिथे होलसेलने मिळतो.

वाशी_विनय
काकू, एपीएमसीत, वाशीच्या घाऊक बाजारात, या मग, कांदे बटाटे तिथे घ्यावेत, पण चार घरांनी मिळून गोणी घेतली तरच परवडतं. आम्ही सेक्टर 17 मधले पाच जण मिळून आणतो, गाडीचं भाडं वाटून घेतो.

नौपाड्याची_काकू
नौपाड्यातून वाशीला कांद्यासाठी कोण जाईल रे? येण्याजाण्यात दिवस जातो.

एअरबॉर्न_ऐरोली
माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो मिंट नावाचं तिकडचं खर्चाचं अ‍ॅप वापरायचा. मार्च 2024 मध्ये ते बंद झालं आणि त्याची अनेक वर्षांची कॅटेगरीवार मांडणी एका रात्रीत उपयोगाची राहिली नाही, फाइल उतरवून घेतली म्हणून आकडे तरी वाचले. तसंही ते आपल्याकडच्या बँकांना चालत नव्हतं. पण ताई, कुठलंही अ‍ॅप घ्या, दर महिन्याला डेटा एक्स्पोर्ट करून ठेवा.

मेघा_घोडबंदर
नेरूळकर, तुमचे पाय कुठे आहेत!! कार्डाचं बिल 18,700 होतं, ते खर्चात होतं. आणि माझ्या खात्यातून 3 तारखेला जॉइंटमध्ये 15,000 टाकले होते, तेही खर्चात. दोन्ही ट्रान्सफर केले. आता 1,04,760 दाखवतंय. पण 1,12,000 मधून उरलेले 14,000 गेले की 98,000 यायला हवेत ना? अजून 6,760 चा फरक आहे. आणि "इतर" नावाखाली 4,000 पडलेत, ते कशाचे ते काही कळत नाही, ह्यांना विचारलं तर म्हणाले मी काही घेतलेलं नाही, त्यावरून काल थोडं वाजलंच.

नेरूळकर
एटीएममधून काढता का? आणि रोख खर्च अ‍ॅपमध्ये हाताने टाकता का?

मेघा_घोडबंदर
हो, 5,000 काढले होते. भाजी, फुलवाला, इस्त्रीवाला, कामवालीच्या मुलीला वह्या, असं रोख दिलेलं मी रोज आठवणीने टाकते, 4,160 झाले. ते टाकायचे नसतात का??

नेरूळकर
टाकायचे, पण मग एटीएमची एंट्री खर्चात ठेवायची नाही. बँकेतून पर्समध्ये आले म्हणजे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत. आत्ता 5,000 पण धरलेत आणि त्यातूनच दिलेले 4,160 पण. बाकीचे 840 पर्समध्ये आहेत का बघा.

हिशोबवही
वहीत यालाच हातशिल्लक म्हणतात. मी रोज तारखेखाली हातशिल्लक लिहितो.

सीवूड्स_सागर
"इतर"चे 4,000 म्हणजे युपीआय लाइट, फोनमधलं छोट्या पेमेंटचं पाकीट, असणार, बहुतेक 2,000 दोनदा भरलेत. लाइटमध्ये पैसे भरताना बँकेत एकच एंट्री पडते, नंतरचे छोटे छोटे खर्च पासबुकात येतच नाहीत, ते फक्त पेमेंट अ‍ॅपच्या हिस्ट्रीत दिसतात. पिन लागत नाही म्हणून लोक चहा, वडापाव, रिक्षाला तेच वापरतात. साहेबांचा फोन घ्या आणि हिस्ट्री उघडा.

रोहिणी_खारघर
मला एक विचारायचंय, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दर महिन्याचा हप्ता, खर्चात धरायची का? आमच्याकडे यावरून रोज वाद.

एक्सेलवेडा
धरायचीच. खात्यातून गेले ते गेले.

नेरूळकर
अजिबात नाही. एसआयपीचे पैसे तुमचेच आहेत, जागा बदलली. खर्चात धरलं तर महिना तोट्यात दिसतो आणि माणूस पहिली एसआयपीच बंद करतो, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. वेगळा "बचत" प्रकार करा. रोहिणीताई, पुढचं नवीन धाग्यात विचारा, इथे मेघाताईंचा हिशोब अर्धवट राहील.

मेघा_घोडबंदर
सागर, बरोबर! लाइटच होतं. 8 तारखेला 2,000 आणि 21 ला 2,000. ह्यांच्या फोनमध्ये पूर्ण यादी निघाली, ऐरोली स्टेशनबाहेरचा चहा, शेअर रिक्षा, मित्रांबरोबर पावभाजी, 15, 30, 120 असे. त्यांनाही खरंच माहीत नव्हतं एवढं होतं ते. मी उगाच बोलले, सॉरी म्हटलंय. पर्समध्ये 820 निघाले, 20 चा फरक सोडून दिला. एटीएमचे 5,000 खर्चातून काढले आणि पर्सचे 840 खर्चातच धरले, म्हणजे 4,160 कमी झाले, तर 1,00,600. तरी 98,000 येत नाहीयेत, 2,600 राहिले.

नेरूळकर
ऑगस्टमध्ये कार्डावर एकूण किती स्वाइप झालेत?

मेघा_घोडबंदर
21,300.

नेरूळकर
मग मिळाले. तुम्ही बिल भरलं 18,700 चं आणि या महिन्यात वापरलं 21,300 चं, फरक 2,600. म्हणजे अ‍ॅपचे 1,00,600 बरोबर आहेत. खात्यात 14,000 जास्त दिसतात त्यातले 2,600 पुढच्या बिलाचे आहेत, ते तुमचे धरू नका. ऑगस्टची खरी शिल्लक 11,400.

मेघा_घोडबंदर
आकडा जुळला!! ह्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. पण मग फीचं गणित परत मांडलं. ऑगस्टचे 11,400, सप्टेंबर ऑक्टोबर असेच गेले तर तीन महिन्यांचे 34,200. फी 38,000. आणि ऑक्टोबरमध्ये सोसायटीचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स येतो 9,600, ऑगस्टमध्ये तो नव्हता.  14,000 च्या हिशोबाने मी समजत होते की फीचं जमतंय.

नौपाड्याची_काकू
म्हणून म्हणते, मेंटेनन्सचं पाकीट दर महिन्याला कर, तिसरा भाग टाकत जा.

नेरूळकर
काकूंचं इथे बरोबर आहे. अ‍ॅपमध्ये मेंटेनन्सला दर महिना 3,200 असं बजेट लावा आणि तेवढे खरंच वेगळ्या खात्यात हलवा. सप्टेंबरपासूनच.

हिशोबवही
मेघाताई, शाळा फी दोन हप्त्यांत घेते का, विचारलंत?

मेघा_घोडबंदर
नाही काका, विचारलंच नाही. उद्या शनिवार आहे, ऑफिस साडेबारापर्यंत उघडं असतं. सकाळी जाऊन येते.