जुना १४ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) : उभी फळी चिरताना काप पोट काढतो, मदत हवी आहे

पातं नवं आहे, अर्धा इंची, इंचाला ३ दात. चाकांचे रबर साफ केले. ताण देऊन सरळ पट्टी लावली तर दोन्ही चाकं एका पातळीत आहेत. पात्याला बाजूने आधार देणारे गाइड कागदाइतक्या फटीवर, दातांच्या खाचांमागे. पात्याला मागून टेकू देणारं बेअरिंग अर्धा मिमी दूर. २० मिमी फळी सरळ कापते, १५० मिमी उंचीत मात्र हळू ढकलूनही काप मधोमध फुगतो.

संशय ताणाच्या स्प्रिंगवर आहे. ताण दाखवणारा काटा अर्ध्या इंची पात्याच्या खुणेवर, पण स्प्रिंगचे वेढे जवळपास एकमेकांना टेकलेत. स्प्रिंग दबून कमजोर झाली असेल तर काटा खोटाच दाखवणार ना? जाड तारेची स्प्रिंग घातल्यास वरच्या चाकाचा ब्रॅकेट वाकेल का? की आधी पाव इंची पात्याने ताण तपासावा?